अवघड की दमलेलं? हायवेवरच्या एका पिनबॉल मशीनचं प्रकरण

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. यावल-रावेरकडच्या केळीच्या बागांतल्या सबमर्सिबल जळाल्या की माझ्याकडे येतात. जुनी तार उतरवायची, नवी भरायची, वॉर्निश मारून वाळवायची. पिनबॉल मशीन माझ्या गळ्यात पडलं ते ‘कॉइल म्हणजे कॉइल, मिस्तरी, तुम्ही बघाच’ या एका वाक्यावर. त्यात मी कितीतरी महिने भलत्याच जागी हात घालत होतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय. गेम झोन चालवणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर झाला.

जळगावहून भुसावळकडे निघालं की नशिराबादच्या पुढे हायवेला लागून एक फॅमिली ढाबा आहे. शेवभाजी, कळण्याची भाकरी, थंडीत भरीत. मागे पत्र्याची शेड काढून मालकांनी मुलांसाठी गेम मांडलेत: एअर हॉकी, बास्केटबॉल, टेडी उचलायची मशीन आणि कोपऱ्यात एक पिनबॉल. १९९० च्या दशकातलं, अमेरिकी बनावटीचं, मुंबईहून सेकंड हँड आणलेलं. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. वीस रुपयांचं एक टोकन, एका टोकनात तीन गोळ्या.

ज्यांनी हा खेळ प्रत्यक्ष पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. काचेखाली उतरता लाकडी बोर्ड. त्यावर २७ मिलिमीटरची, ८० ग्रॅमची पोलादी गोळी. स्प्रिंगच्या दांडीने ती वर सोडायची. बंपरला, टार्गेटला आपटत ती खाली येते. तळाशी दोन फ्लिपर, बाजूच्या बटणांनी उचलायचे आणि गोळी परत वर मारायची. गोळी हुकली की गेली. जायच्या वाटा तीन: दोन फ्लिपरच्या मधली फट आणि डाव्या-उजव्या कडेच्या दोन अरुंद गल्ल्या. आमच्या इथली पोरं त्यांना मोऱ्या म्हणतात. मधली मोरी आणि कडेच्या मोऱ्या. मीही तेच शब्द वापरतो.

माझ्या वयाच्या लोकांनी पिनबॉल पहिल्यांदा पाहिला तो सायबर कॅफेत. विंडोज एक्सपीबरोबर स्पेस कॅडेट नावाचा गेम फुकट यायचा. झेडच्या बटणाने डावा फ्लिपर, तिरक्या रेघेच्या बटणाने उजवा. त्या पडद्यावरच्या बोर्डची एक गोष्ट तेव्हा कधी डोक्यात आली नव्हती: तो सकाळी अकराला जसा असतो, तसाच मे महिन्यातल्या दुपारी तीनलाही असतो.

तक्रार

आप्पांची तक्रार दुहेरी होती. खेळणारे दोन प्रकारचे. एक, जेवायला थांबलेली कुटुंबं, लग्नाची वऱ्हाडं, मुंबई-सुरतहून गावी निघालेली माणसं. ही माणसं आयुष्यात एकदा किंवा फार तर वर्षातून दोनदा या मशीनसमोर उभी राहणार. दुसरी, तीन-चार इंजिनिअरिंगची पोरं आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक इंजिन ड्रायव्हर काका; हे भुसावळहून मुद्दाम मोटारसायकलवर येतात. पहिले म्हणत, फार अवघड आहे. दुसरे म्हणत, मजा नाही.

‘मिस्तरी, याला काहीतरी सेटिंग असेल ना? दोघांच्या मधलं काहीतरी लावून द्या,’ आप्पा म्हणाले.

‘आहे आप्पा, लावून देतो,’ मी म्हणालो. इथेच पहिली चूक. मला वाटलं, अवघडपणा म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. एकपासून पाचपर्यंत, तीनवर ठेवला की सगळे खूश.

आधी सोपं करून पाहिलं. कडेच्या मोऱ्यांच्या तोंडाशी रबर लावलेला एक खुंट असतो आणि त्याला बोर्डात दोन-तीन भोकं दिलेली असतात. खुंट आतल्या भोकात लावला की मोरीचं तोंड अरुंद होतं. मी दोन्हीकडे तेच केलं. तीनच्या पाच गोळ्या केल्या. मशीनचा उतार कारखान्याच्या सांगण्याप्रमाणे साडेसहा अंशांचा असतो, तो मागचे पाय उतरवून कमी केला. गोळी हळू झाली, तरंगल्यासारखी फिरायला लागली.

परिणाम असा की पोरांचा एक डाव अर्धा-अर्धा तास चालायला लागला. वीस रुपयांत. मागे पाच वर्षांचं पोर आईचा पदर ओढत उभं, आणि समोर हा बहाद्दर मशीनला टेकून एका हाताने खेळतोय. या धंद्यात तीन गोळ्यांचा डाव साधारण अडीच-तीन मिनिटांचा असावा असा हिशेब धरतात. तेवढ्यात खेळणाऱ्याला काहीतरी मिळतं आणि पुढच्याचा नंबरही लागतो. आमच्याकडे नंबरच लागेना. आणि गंमत म्हणजे कुटुंबवाल्यांचा डाव फारसा लांबलाच नव्हता. गोळ्या पाच झाल्या म्हणून थोडा वाढला तेवढाच.

मग उलटं केलं. खुंट बाहेरच्या भोकात, गोळ्या तीन, उतार पुन्हा साडेसहाच्या वर, टिल्ट (मशीन जास्त हलवलं की खेळ अडवणारी सोय) कडक. पोरांचे डाव आटोक्यात आले. पण कुटुंबवाल्यांचं मिनिटभरात आटपायला लागलं. चोपड्याकडच्या एका आजोबांनी नातवासाठी टोकन घातलं, तिन्ही गोळ्या धडाधड गेल्या, आणि ते माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, ‘हाई मशीन पैसा खास, भो.’ म्हणजे, हे मशीन पैसे खातं, भाऊ.

हे वाक्य मला लागलं. कारण आपली माणसं जत्रेत वाढलेली असतात. फुगे फोडायच्या बंदुकीची नळी वाकडी असते, रिंग टाकायच्या खेळातला ठोकळा रिंगपेक्षा केसभर मोठा असतो, हे लहान पोरालाही माहीत असतं. खेळ हरला की आपला पहिला संशय खेळावर नसतो, मांडणाऱ्यावर असतो. आणि ज्या खेळात आपण का हरलो हे हरणाऱ्याला कळत नाही, तिथे तो संशय रास्तच म्हणायला हवा.

पिनबॉलवर हा आरोप काही नवा नाही. न्यूयॉर्क शहरात १९४२ साली त्यावर जुगार म्हणून बंदी आली आणि ती उठायला १९७६ उजाडलं. तेव्हा रॉजर शार्प नावाच्या खेळाडूने शहराच्या समितीसमोर मशीन मांडून खेळून दाखवलं. दांडी ओढण्याआधी गोळी वरच्या कोणत्या गल्लीतून जाणार ते सांगितलं, आणि ती तिथूनच गेली. मजा अशी की बंदी आली तेव्हा फ्लिपरच नव्हते. ते १९४७ मध्ये आले. फ्लिपरशिवायचा पिनबॉल म्हणजे खिळे ठोकलेल्या पाटीवर गोळी सोडून देवाचं नाव घ्यायचं. म्हणजे बंदी घालणारे तेव्हा अगदीच चूक नव्हते, असं माझं आपलं मत. खेळ खेळणाऱ्याच्या हातात आला तो फ्लिपरमुळे. आणि आमच्या मशीनचे फ्लिपरच आजारी होते.

काकांची वही

ते मला कळलं नाही, ड्रायव्हर काकांना कळलं. जन्मभर इंजिनचा आवाज ऐकलेला माणूस. त्यांच्याकडे खिशात मावणारी एक वही होती. मशीनच्या मधोमध एक रॅम्प आहे; गोळी जोरात मारली तर चढून वरून फिरून येते. काका रॅम्पवर मारलेला प्रत्येक फटका वहीत मांडत. चढली तर उभी रेघ, नाही तर टिंब. पानाचे दोन रकाने: सकाळ आणि दुपार. सकाळच्या रकान्यात रेघाच रेघा. दुपारच्या रकान्यात टिंबांची रांगोळी.

‘मिस्तरी, हे अवघड नाहीये. हे दमतंय,’ ते म्हणाले.

मी कॉइल भरणारा माणूस. मला हे पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं. काच काढली, बोर्ड उचलला, फ्लिपर उचलणाऱ्या कॉइलला, म्हणजे तारेच्या वेटोळ्याला, बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं.

तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. थंड असताना होती त्यापेक्षा कॉइल ५० अंशांनी तापली, तर रेझिस्टन्स २० टक्क्यांनी वाढतो आणि करंट ८३ टक्क्यांवर येतो. रविवारी सलग खेळ, वर पत्रा, बाहेर आमच्याकडचं ऊन; ५० अंश म्हणजे काही फार नाही. दुसरं, लाइन. संध्याकाळी मीटर लावून पाहिलं तर २३० व्होल्टच्या जागी १९०. या मशीनमध्ये कॉइलचा सप्लाय रेग्युलेट केलेला नसतो, लाइन पडली की तोही तेवढाच पडतो. १९० म्हणजे २३० चे पुन्हा ८३ टक्केच. दोन्ही एकदम आले की करंट ७० टक्क्यांच्या खाली. आणि कॉइलची ओढ करंटच्या वर्गाच्या हिशेबात घटते, म्हणजे जोर जवळपास निम्मा. वर प्लंजरचं (कॉइल ओढते त्या लोखंडी दांड्याचं) टोक आपटून आपटून मशरूमसारखं पसरलेलं, प्लास्टिकची स्लीव्ह घासलेली, जोडणी ढिली झालेली, रबरं उन्हाने कडक.

याचा खेळावर काय परिणाम होतो ते नीट पाहण्यासारखं आहे. मशीनवरचे बाण, दिवे, आवाज सगळे सांगतात, रॅम्पवर मार. नवखा माणूस इमानदारीने मारतो. गोळी अर्धा रॅम्प चढते, थांबते आणि त्याच रेषेत सरळ परत येते, थेट मधल्या मोरीत. म्हणजे मशीन ज्याला बरोबर म्हणतं तेच केल्याची शिक्षा. पोरांनी मात्र कधीच ओळखलं होतं की दुपारी रॅम्पच्या नादी लागायचं नाही. ते डावीकडची टार्गेटं पाडून गुण जमवत बसायचे. त्यांची ‘मजा नाही’ ही तक्रार त्यातून आलेली. खेळाचा अर्धा भाग त्यांनी बंदच करून टाकला होता.

कॉइल नव्या भरल्या. स्लीव्ह, प्लंजर, जोडण्या, रबरं बदलली. पाण्याच्या मोटारीला लावतात तसला एक चांगला स्टॅबिलायझर मशीनपुरता बसवला. बोर्डाखाली हवेसाठी छोटा पंखा. उतार मोजून साडेसहावर, खुंट मधल्या भोकात. बाकी एकही सेटिंग बदललं नाही. पहिले चार दिवस पोरं वैतागली, कारण त्यांचे हात आजारी मशीनला सरावले होते. फटका लवकर लागायचा, गोळी भलतीकडे. पाचव्या दिवशी त्यातला एक रॅम्प ओळीने सहा वेळा चढवून शेडभर ओरडत फिरला.

गोळी कुठून जाते

आता खऱ्या अवघडपणाकडे वळता आलं. टोकन पडतं त्या दाराच्या आत चार बटणं असतात, त्यांनी मशीनचा हिशेब उघडतो: किती डाव झाले, सरासरी किती वेळ चालले, डाव्या मोरीतून किती गोळ्या गेल्या, उजव्या मोरीतून किती. उरलेल्या मधून गेल्या असं धरायचं. मी रविवारी रात्री हिशेब लिहून शून्य केला, मग आठवडाभराचा वेगळा काढला. रविवार म्हणजे कुटुंबवाले, आठवडा म्हणजे पोरं आणि काका. असं महिनाभर.

कुटुंबवाल्यांच्या बहुतेक गोळ्या मधून जात होत्या, पोरांच्या बहुतेक कडेने.

कारण सोपं आहे, उभं राहून पाहिलं की दिसतं. नवखा माणूस घाबरून दोन्ही बटणं एकदम दाबतो, टाळी वाजवल्यासारखी. दोन्ही फ्लिपर वर गेले की मधली फट मोकळी पडते आणि गोळी तिथूनच उतरते. सरावलेला माणूस मधली गोळी सहसा जाऊ देत नाही. त्याची जाते ती कडेने, जिथे बटणाचं काही चालत नाही, मशीनला वेळेवर हलका धक्का द्यावा लागतो.

म्हणजे मी सुरुवातीला कडेच्या मोऱ्या अरुंद केल्या, तेव्हा सवलत कुणाला दिली? ज्यांना नको होती त्यांना. कर्जमाफीसारखं झालं, नाव छोट्या शेतकऱ्याचं, फायदा बागाइतदाराचा. आणि नंतर कडेच्या मोऱ्या मोकळ्या केल्या, त्याचा त्रास पोरांना व्हायलाच हवा होता, तो रास्तच. पण सोबत उतार चढवला आणि गोळी वेगात आली, तो मार नवख्यांवर पडला.

एवढं कळल्यावर दोघांच्या मधलं काही शोधायची गरजच उरली नाही. दोघे वेगवेगळ्या दाराने बाहेर पडतात, तर दारं वेगवेगळी सांभाळता येतात. बोर्ड कडक ठेवला: उतार कारखान्याचा, कडेच्या मोऱ्या मोकळ्या, गोळ्या तीन. आणि नवख्यासाठी बॉल सेव्हर पंधरा सेकंद. गोळी सोडल्यापासून तेवढ्या वेळात गेली तर मशीन ती परत देतं. पोरांनी आधी नाक मुरडलं, ‘भो, ही तर भीक आहे.’ पण त्यांची गोळी पंधरा सेकंदांत जातेच कुठे? त्यांना ही सवलत लागत नाही, म्हणून मिळतही नाही.

अजून एक गाठ सुटायची होती. ठरावीक गुण झाले की मशीन ‘टक्’ असा लाकडावर ठोकल्याचा आवाज करून एक डाव फुकट देतं. हा आकडा मशीन आपला आपण बदलतं. १९८६ च्या हाय स्पीड नावाच्या मशीनपासून ही सोय आली. लोक जास्त गुण काढायला लागले की आकडा वर चढतो. कल्पना हुशारीची आहे, पण ती सगळ्या खेळाडूंना एकाच तागडीत तोलते. आमच्याकडे पोरांनी आठवडाभर खेळून आकडा असा चढवून ठेवला होता की रविवारच्या माणसाला तो ‘टक्’ कधी ऐकूच येत नसे. मी आकडा खाली आणून पक्का केला आणि बक्षीस फुकट डावाऐवजी एक जादा गोळी केलं, एका डावात एकदाच. गॉटलिब कंपनीने १९६० मध्ये जादा गोळीची मशीनं काढली ती वेगळ्या कारणाने, अमेरिकेत काही ठिकाणी फुकट डावालाही जुगार मानत म्हणून. आमच्या बीटचे हवालदार एकदा शेडमध्ये येऊन ‘आप्पा, यात जिंकल्यावर काय मिळतं?’ असं विचारून गेले होते. ‘अजून एक गोळी’ हे उत्तर आप्पांना तोंडपाठ आहे.

शेवटचा उपाय चार आण्यांचा. दांडीच्या शेजारी मी एक चिठ्ठी चिकटवली: ‘दोन्ही बटणं एकदम दाबू नका. ज्या बाजूला गोळी, तेच बटण. दाबून धरलं तर गोळी थांबते.’

पुढच्याच रविवारी फैजपूरकडच्या एक आत्या आल्या, भाच्यांच्या घोळक्यात. पदर खोचला, चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि खेळायला लागल्या. पहिली गोळी गेली, मशीनने परत दिली. दुसऱ्यांदा गोळी डावीकडे आली तेव्हा त्यांनी डावं बटण दाबलं आणि सोडलंच नाही. गोळी उचललेल्या फ्लिपरच्या कुशीत येऊन थांबली. सगळी शेड गप्प. पोरांपैकी एकाने हळूच मला कोपर मारलं. हे धरून ठेवणं शिकायला त्याला पंधरा दिवस लागले होते. आत्या भाच्याला म्हणाल्या, ‘थांब रे, आता बघू दे कुठे मारायची ते.’ मग बोट उचललं, गोळी फ्लिपरवरून घरंगळू दिली, आणि मारली. रॅम्प नाही चढला. पण का नाही चढला ते त्यांना कळलं. ‘लवकर मारली का रे मी?’ त्यांनी विचारलं आणि दुसरं टोकन घेतलं.

(गोळी धरून ठेवल्याने कॉइल जळेल का, असं आप्पांनी लगेच विचारलं. नाही जळत. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वाइंडिंग असतात, जाड तारेचं झटका देतं आणि बारीक तारेचं नुसतं धरून ठेवतं.)

जे सुटलं नाही ते टिल्टचं. मशीनच्या आत एका कडीत लोलक लटकतो. मशीन जास्त हललं की तो कडीला टेकतो, फ्लिपर गोठतात आणि ती गोळी जाते. कडक ठेवला तर लहान पोरं काचेवर थापा मारतात आणि गोळी का मेली ते त्यांना समजत नाही. सैल ठेवला तर इंजिनिअरिंगवाले मशीन फरशीवरून वीतभर सरकवतात आणि उतार बिघडतो. दोन ताकिदी देऊन तिसऱ्याला गोठायचं असं सध्या लावलंय, पायाखाली रबरी वाट्या घातल्यात. काकांचं म्हणणं, कडक हवा, धक्का म्हणजे लबाडी. पोरांचं म्हणणं, धक्का हीच तर कला. दर गुरुवारी हा वाद चहावर नव्याने होतो आणि मी स्क्रू ड्रायव्हर खिशातच ठेवतो.

काकांनी नव्या वहीला तिसरा रकाना आखलाय, मे महिन्याचा. पंखा तेव्हा पुरतो की नाही ते बघायचं आहे.